अस्वलाच्या रानात खाकरत चालावे

मोहाचा हंगाम सुरू झाला की आमच्या गावाची पहाट साडेतीनलाच होते. मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत मोहफुले उत्तररात्री आणि पहाटे गळतात. उजाडेपर्यंत ती उचलली नाहीत तर गाई-बैल, हरणे आणि रानडुकरे ती फस्त करतात, म्हणून प्रत्येक घरातून दोन माणसे तरी टोपल्या आणि बॅटरी घेऊन अंधारातच रानाकडे निघतात. गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला असलेल्या या गावात मी अकरा वर्षांपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मूळचा मी साताऱ्याकडचा असल्यामुळे पहिल्या वर्षी माझा असा समज होता की या लोकांना रानात भीती वाटत असेल ती वाघाची. ज्या वयोवृद्ध गृहस्थांना सारे गाव बाबाजी म्हणते, त्यांनी तो समज एका वाक्यात काढून टाकला. "वाघ आपल्या वाटेनं जाते जी गुरुजी, पण अस्वलाचा भरोसा नाही."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये कळला, आणि तो कळताना चूक सर्वस्वी माझीच होती. मला पक्षी पाहण्याचा छंद आहे. नाल्याच्या काठी स्वर्गीय नर्तकाची जोडी दिसते असे ऐकून मी बाबाजींना सोबत येण्याची विनंती केली होती. बाबाजींना चालताना सतत काहीतरी पुटपुटण्याची, मधूनच खाकरण्याची, काठी दगडावर आपटण्याची सवय आहे. त्या आवाजाने पक्षी उडून जातील म्हणून मी त्यांना दोन-तीनदा हाताने गप्प राहण्याची खूण केली. ते बिचारे गप्प राहिले. नाल्याच्या एका वळणावर समोरून वारा येत होता आणि लोहाराचा भाता चालावा तसा आवाज कानावर पडत होता. तो कशाचा आहे हे ओळखण्याआधीच मी वळण ओलांडले, तो पंधरा पावलांवर एका वारुळाच्या भोकात तोंड खुपसून बसलेला काळ्या केसांचा धुळकट ढिगारा मला दिसला.

मी थांबलो, पण थांबताना पायाखालचे पान वाजले. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले, छातीवरचा पांढुरका पट्टा दिसला, आणि ते नाक वर करून हवा हुंगू लागले. पळावे असे शरीराचा कण न् कण सांगत होता. बाबाजींनी मागून माझ्या सदऱ्याचे टोक धरले होते. "पळू नोका जी. मागं मागं सरा," असे म्हणून ते अस्वलाशीच, गोठ्यातल्या म्हशीशी बोलावे अशा सुरात, हळू आवाजात बोलू लागले. "जा बाई, जा. आमचं काही नाही तुझ्याजवळ." आम्ही तोंड तिकडेच ठेवून, एकमेकांना धरून, एकेक पाऊल मागे सरकत होतो. अस्वल खाली चार पायांवर आले, फुस्स करून आमच्या दिशेने दोन-तीन उड्या धावले, अचानक थांबले, आणि मग मान वळवून बांबूच्या बेटात नाहीसे झाले. सारे मिळून मिनिटभराचा प्रकार असेल. परत येताना बाबाजी एवढेच म्हणाले, "तुम्ही मले चूप केलं, म्हणून तिले आपण समजलो नाही."

या लेखात मला जे सांगायचे आहे ते जवळजवळ सगळे त्या वाक्यात आहे. निसर्गशिबिरांतून आम्हाला एक शिष्टाचार शिकवला जातो: जंगलात बोलू नये, पाऊल वाजू देऊ नये, आपल्या अस्तित्वाची चाहूल कोणाला लागू देऊ नये. जिप्सीत बसून फिरणाऱ्या पर्यटकाला तो शोभतो आणि मचाणावर बसलेल्यालाही शोभतो. पण अस्वलाच्या रानात पायी फिरणाऱ्या माणसाला तोच शिष्टाचार घातक ठरू शकतो, कारण अस्वलाचे बहुतेक हल्ले होतात ते माणूस अचानक आणि फार जवळ आल्यामुळे. माग काढत येऊन माणसाला खाणारा हा प्राणी नाही. त्याला दचकवणे हाच खरा धोका आहे.

ते इतके का दचकते, हे त्याच्या खाण्यात दडलेले आहे. आपल्याकडच्या अस्वलाचा मुख्य आहार वाळवी आणि मुंग्या. सात-आठ सेंटिमीटर लांबीच्या वाकड्या नख्यांनी ते वारूळ फोडते, आधी जोरात फुंकून माती उडवते, आणि मग ओठांची नळी करून वाळवी ओढून घेते. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतात आणि त्या फटीतून ही ओढ सोपी होते. धूळ आणि मुंग्या आत जाऊ नयेत म्हणून नाकपुड्या मिटण्याची सोयही निसर्गाने त्याला दिली आहे. ही फुंकण्याची आणि ओढण्याची क्रिया एवढी सशब्द असते की शंभर मीटरवरूनही ती ऐकू येते. ज्याला तो आवाज ओळखता येतो त्याच्यासाठी ती फुकटची सूचनाच आहे. मात्र डोके वारुळात असताना आणि कानाशी स्वतःचाच भाता चालू असताना अस्वलाला दुसरे काही ऐकू येत नाही. नजर त्याची मुळात मंद. भरवसा काय तो नाकाचा, आणि वारा त्याच्याकडून आपल्याकडे वाहत असेल तर ते नाकही निरुपयोगी होते. त्या दिवशी वारा माझ्या तोंडावर येत होता.

दचकल्यावर ते पळून का जात नाही, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेतले काळे अस्वल धोका वाटला की सरळ झाडावर चढते, आणि तिथल्या बहुतेक भेटी अशा निकाली निघतात. आपले अस्वलही मधासाठी झाडावर चांगले चढते, पण जीव वाचवण्यासाठी सहसा चढत नाही. अभ्यासकांचे म्हणणे असे की ते हजारो वर्षे वाघ आणि बिबट्याच्या शेजारात वाढले आहे, बिबट्या झाडावर येऊ शकतो, आणि वारुळे खणण्यासाठी घडलेल्या अंगाने वाघाला धावण्यात मागे टाकता येत नाही. अशा प्राण्यासमोर एकच उपाय उरतो, तो म्हणजे आरडाओरडा करून अंगावर धावून जाणे आणि वाघालाच विचार करायला लावणे. वाघावर हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. दुर्दैवाने, पंधरा पावलांवर एकाएकी उगवलेला मोहफुले वेचणारा माणूस आणि वाघ यांत त्या क्षणी अस्वल फरक करत नाही. पिल्ले असतील तर प्रश्नच मिटला. मादी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी या काळात गुहेत किंवा दगडांच्या कपारीत बहुधा दोन पिल्लांना जन्म देते आणि दोन-तीन महिन्यांनी त्यांना पाठीवर बसवून बाहेर पडते. पिल्लांना असे पाठीवर वागवण्याची रीत अस्वलांच्या इतर जातींत नाही. हिशेब केला तर लक्षात येईल की पिल्लांना पाठुंगळी घेऊन आई बाहेर पडण्याचा काळ आणि मोहफुले गळण्याचा काळ एकच आहे. शिवाय मोहफुले अस्वलालाही प्रिय आहेत. टोपली घेऊन जाणारी बाई आणि पिल्ले घेऊन येणारी अस्वली एकाच झाडाखाली, एकाच अंधारात पोहोचतात.

माझ्या वडिलांच्या पिढीने अस्वल पाहिले ते दरवेशाच्या हातात. नाकात दोरी ओवलेले, दात काढलेले, गल्लीत डमरूच्या तालावर डोलणारे. मुलाची भीती जावी म्हणून त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवत आणि ताईतात घालायला केस विकत घेत, असे वडील सांगत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, तरी हे खेळ पूर्णपणे थांबायला २००९ साल उजाडावे लागले. त्या दरवेशांनी आपल्या मनात अस्वलाचे जे चित्र सोडले ते एखाद्या विदूषकाचे आहे. त्यात अस्वल गुदगुल्या करून माणसाला मारते ही घरोघरी सांगितली जाणारी समजूत मिसळली, म्हणजे चित्र पूर्ण झाले. गुदगुल्यांची कल्पना कुठून आली असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अस्वलाच्या हल्ल्यात सापडलेला माणूस सोडवायला धावलेल्यांनी दुरून जे पाहिले असेल, म्हणजे खाली पडलेला माणूस, त्याच्यावर वाकलेले अस्वल आणि दोन्ही पंजांची झपाट्याने चाललेली हालचाल, त्याचेच हे वर्णन असावे असे मला वाटते. त्यात हसण्यासारखे काही नाही.

आकड्यांत सांगायचे तर १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत मध्य प्रदेशात, म्हणजे छत्तीसगड वेगळे होण्यापूर्वीच्या मोठ्या मध्य प्रदेशात, अस्वलांच्या हल्ल्यांत ७३५ माणसे सापडली आणि त्यांपैकी ४८ दगावली. छत्तीसगडच्या उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात १३७ हल्ल्यांची नोंद झाली आणि त्यांत ११ मृत्यू झाले. मृत्यूचे प्रमाण कमी आहे म्हणून समाधान मानणाऱ्याने या पट्ट्यातील एखाद्या आठवडी बाजारात थोडा वेळ उभे राहावे. अस्वल उभे राहून माणसाच्या तोंडावर आणि डोक्यावर पंजा मारते. ते जीव क्वचित घेते, पण डोळा, नाक, गाल, टाळूची कातडी घेते, आणि माणूस पुढची तीस वर्षे पदराने किंवा दुपट्ट्याने अर्धे तोंड झाकून वावरतो. वाचण्याच्या सगळ्या उपायांत चेहरा आणि मान झाकणे याला पहिला मान का आहे, ते यावरून कळावे.

आता प्रत्यक्ष भेट झाली तर काय करावे. अस्वल दूर असेल, म्हणजे पन्नास-शंभर मीटरवर असेल आणि त्याने आपल्याला पाहिलेले नसेल, तर आल्या वाटेने मुकाट्याने परत फिरावे आणि मोठा वळसा घ्यावा. फोटो काढायला चार पावले पुढे जाण्याचा मोह आवरावा. आजूबाजूला पिल्लू आहे का ते पाहावे, आणि असल्यास आई व पिल्लू यांच्या मध्ये कधीही येऊ नये. त्याची निघून जाण्याची वाट, मग ती नाल्याची असो वा कपारीची, आपण अडवून उभे नाही ना याचाही विचार करावा. अस्वल उभे राहिले म्हणजे हल्ला ठरलाच असे नाही. मंद नजरेच्या प्राण्याला समोर काय आहे ते नीट पाहायचे आणि हुंगायचे असते. त्या वेळी हळू, एकसुरी आवाजात बोलत राहिल्याने त्याला समोर माणूस आहे हे कळते. दगड मारणे, ओरडून अंगावर जाणे आणि पळणे या तिन्ही गोष्टी त्या क्षणी टाळाव्यात. पळणाऱ्या माणसाला अस्वल सहज गाठते. ते दिसायला बोजड आहे, धावायला मुळीच नाही. बऱ्याचदा ते थोडे धावून येते आणि थांबते, जसे आमच्या बाबतीत झाले. त्या धावण्यात माणूस फिरून पळाला तर लटका हल्ला खरा होतो.

एकापेक्षा अधिक माणसे असतील तर सर्वांनी एकमेकांना चिकटून उभे राहावे आणि एकत्रच मागे सरकावे. वाट फुटेल तिकडे पांगणे सर्वांत वाईट, कारण मग अस्वलासमोर शेवटी एकटे माणूस उरते आणि ते बहुधा वयाने सर्वांत मोठे किंवा सर्वांत लहान असते.

आणि तरीही ते अंगावर आलेच तर? अभ्यासकांचा सल्ला स्पष्ट आहे: पोटावर पालथे पडावे, तोंड जमिनीत दडवावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे एकमेकांत गुंतवावीत, कोपरांनी चेहऱ्याच्या बाजू झाकाव्यात, आणि पाठीवर सॅक असेल तर ती तशीच राहू द्यावी. अस्वलाने उलथे करण्याचा प्रयत्न केला तर पुन्हा पालथे व्हावे. हल्ला बचावासाठी असतो, खाण्यासाठी नसतो. समोरचा धोका संपला असे वाटले की ते निघून जाते. सर्वांत कठीण भाग त्यानंतरचा आहे, कारण ते गेले असे वाटल्याबरोबर माणूस उठतो, आणि थोड्या अंतरावर उभे असलेले अस्वल परत येते. आवाज पूर्ण विरल्यावरही काही वेळ तसेच पडून राहावे, हळूच मान वळवून पाहावे आणि मगच उठावे.

येथे एका गैरसमजाची दखल घेणे आवश्यक वाटते. मोबाइलवर फिरणाऱ्या बहुतेक चित्रफिती उत्तर अमेरिकेतल्या असतात. तिकडे दोन जातींसाठी एक सोपा मंत्र आहे, काळे असेल तर लढा आणि तपकिरी असेल तर पडून राहा. आमच्या गावातला बारावी झालेला एक मुलगा मला हा मंत्र म्हणून दाखवत होता आणि आपले अस्वल काळे असल्यामुळे त्याच्याशी लढावे असा निष्कर्ष त्याने आत्मविश्वासाने काढला होता. पण तो मंत्र तिथल्या काळ्या अस्वलापुरता आहे, जे मुळात भित्रे आहे आणि प्रतिकार झाला की माघार घेते. आपले अस्वल रंगाने काळे असले तरी स्वभावाने तिथल्या तपकिरी अस्वलाच्या जवळचे आहे. भारतात अस्वलाच्या चार जाती आहेत, आपले मैदानी रानातले अस्वल, हिमालयातले काळे, त्याहून उंचावरचे तपकिरी आणि ईशान्येकडचे छोटे सूर्य-अस्वल. यांच्यासाठी रंगावरून ठरवलेला एकच नियम चालणार नाही. अमेरिकेत मिळणारा अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा चांगला उपयोगी पडतो असा तिकडचा अनुभव आहे. पण आपल्या बाजारात पर्समध्ये ठेवायला मिळणारी छोटी बाटली म्हणजे तो फवारा नव्हे. तिची धार अरुंद असते आणि फार दूर जात नाही. तिच्या भरवशावर कोणी रानात जाऊ नये.

शाळेत मी दोन मित्र आणि अस्वल यांची जुनी गोष्ट शिकवतो. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्यासारखा पडतो, अस्वल त्याच्या कानाशी हुंगून निघून जाते. साताऱ्यात ती शिकवली असती तर मुलांनी तात्पर्य लिहून घेतले असते. इथे चौथीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले, "गुरुजी, अस्वल तर झाडावर चढते, मग तो मित्र वाचला कसा?" मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्याने शंका काढली की तो उताणा पडला होता की पालथा, कारण उताणा पडला असेल तर त्याचे तोंड गेले असते. तेव्हापासून ती गोष्ट मी इथे तोंड खाली घालून, मानेमागे हात धरून करून दाखवण्याच्या कवायतीसह शिकवतो. मैत्रीचे तात्पर्य मागे राहते, पण कवायत मुलांना आवडते.

जखमी माणसाच्या बाबतीत गावात दोन चुका वारंवार होताना मी पाहिल्या आहेत. पहिली म्हणजे जखमेत हळद, चहापूड किंवा माती भरणे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे, १०८ ला फोन करावा, आणि रक्तस्राव आटोक्यात असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. दुसरी चूक अधिक महागात पडते. टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, म्हणजे उपचार संपला असे समजून लोक घरी येतात. अस्वल सस्तन प्राणी आहे आणि त्याच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो. चेहऱ्यावरची खोल जखम ही तर सर्वांत गंभीर वर्गात मोडते, म्हणून रेबीजची लस सर्व डोसांसह आणि जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन याबद्दल नातेवाइकांनी डॉक्टरांना आपणहून विचारावे. नुकसानभरपाईसाठी वनविभागाला ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

अस्वल गावात शिरले किंवा उघड्या विहिरीत पडले तर धोका अस्वलाइतकाच बघ्यांच्या गर्दीचा असतो. चारी बाजूंनी माणसे, शिट्ट्या, दगड आणि पुढे धरलेले मोबाइल अशा वेढ्यात सापडलेला प्राणी एका बाजूने वेढा फोडणारच, आणि त्या बाजूला कोण उभा असेल हे नशिबावर असते. मे २०१८ मध्ये ओडिशाच्या नबरंगपूर जिल्ह्यात एक वाहनचालक जखमी अस्वलासोबत सेल्फी काढायला गेला आणि लोकांच्या डोळ्यांदेखत मारला गेला. छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात चंडीमातेच्या देवळात अस्वले प्रसाद खायला येतात आणि भाविक त्यांना हाताने भरवतात. हे पाहून भक्तिभाव जागा होणाऱ्यांविषयी मला आदर आहे, परंतु माणसाच्या हातून खाऊ मिळतो हे शिकलेले अस्वल पुढच्या गावात रिकाम्या हाताच्या माणसाकडे काय मागेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सह्याद्रीत भटकणाऱ्या माझ्या जुन्या मित्रांसाठीही दोन शब्द. कोयना, चांदोली, राधानगरी आणि गोव्यातील म्हादई व मोले या भागांतही अस्वल आहे, फक्त ते कमी दिसते म्हणून विसरले जाते. दुपारच्या उन्हात अस्वल कपारीत विश्रांती घेते, म्हणून अनोळखी कपारीत किंवा गुहेत डोकावू नये. ताजे फोडलेले वारूळ, उलटवलेले दगड, झाडाच्या सालीवर नख्यांचे ओरखडे, जांभळाच्या किंवा टेंभराच्या बियांनी भरलेली विष्ठा यांपैकी काही दिसले की टाळी वाजवत, गप्पा मारत पुढे जावे. कुत्रे सोबत नेऊ नये. ते अस्वलाला शोधून काढते, त्याला भुंकून चिडवते, आणि मग पळत मालकाकडे परत येते, मागोमाग अस्वल.

पहाटे आणि सांजवेळी रानात जाऊ नका हा सल्ला प्रत्येक सरकारी फलकावर असतो. तो बरोबरच आहे, पण मोहफुले वेचणाऱ्या बाईला तो सांगणे म्हणजे मासे धरणाऱ्याला पाण्यात जाऊ नकोस म्हणण्यासारखे आहे. मोहाचे सहा आठवडे आणि त्यानंतर तेंदूपत्त्याचे काही दिवस यांवर अनेक घरांचा वर्षाचा रोख खर्च चालतो. तेव्हा जाऊ नका यापेक्षा कसे जावे हे सांगण्यात अर्थ आहे. आमच्या गावात आता चार-पाच घरे मिळून एका दिशेच्या झाडांकडे निघतात, झाडाजवळ पोहोचण्याआधी लांबूनच हाका घालतात, बॅटरीचा झोत आधी झाडाखाली आणि मग फांद्यांत फिरवतात, आणि जरा फटफटल्याशिवाय कोणी वाकून वेचायला बसत नाही, कारण वाकलेल्या माणसाला समोरचे दिसत नाही. झाडाखालचा पालापाचोळा झाडून काढतात. पूर्वी तो जाळत, त्यातून वणवे लागत. पोटाच्या निकडीसाठी झुडपांत जाणेही एकट्याने होत नाही. काही गावांत झाडाखाली जाळी बांधून फुले वरच्या वर झेलतात, त्यामुळे उजाडल्यावर गेले तरी चालते, पण आमच्याकडे जाळ्यांचा खर्च अजून कोणाला परवडलेला नाही. गुजरातेत संशोधकांनी गावकऱ्यांना घुंगराची घंटी बसवलेली काठी करून दिली आहे, चालताना ती आपोआप वाजते. बाबाजींना मी तिचे चित्र दाखवले तेव्हा ते म्हणाले, "खोकला आहे ना जी मले, घंटी कायले पाहिजे?"

यंदा मात्र सातवीच्या मुलांनी कार्यानुभवाच्या तासाला दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे, नदीतले गोटे आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे वापरून कमरेला बांधायचे एकवीस खुळखुळे तयार केले. चालताना ते इतके वाजतात की शेजारच्या वर्गावरील बाईंनी दोनदा तक्रार केली आणि हे प्रकरण मधल्या सुट्टीपर्यंत कपाटात ठेवावे असे ठरले. सोमवारपासून ते घराघरांत जातील. नाल्याकाठच्या झाडांखाली फुले पडायला लागली आहेत असे मुले सांगतात.